तणनाशक मारूनही तण उभंच? दुसरा डबा आणायच्या आधी हे करा

फवारणी होऊन तीन आठवडे झाले, बाकीचं सगळं गवत जळून गेलं आणि एकाच जातीचं तण तेवढं हिरवंगार उभं आहे, असं दिसलं की बहुतेक जण दोनपैकी एक काम करतात. एकतर तेच औषध दीडपट-दुप्पट करून परत मारतात नाहीतर दुसऱ्या कंपनीचा डबा आणतात, ज्याच्या आत बऱ्याचदा तेच औषध असतं किंवा त्याचा सख्खा भाऊ. दोन्हीत खर्च वाया जातो. वर अजून एक चाळण लागते, म्हणजे जे थोडं कच्चं होतं ते मरतं आणि पक्कं तेवढं बी धरायला मोकळं राहतं.

मला विचाराल तर या सगळ्या विषयात लक्षात ठेवायची गोष्ट एकच, उरलेल्या झाडाचं बी जमिनीत पडता कामा नये. औषध कुठलं, गट कुठला, मिक्स काय करायचं हे सगळं त्याच्या नंतर. खाली तपशिलात लिहितोय कारण नुसतं "प्रतिकारशक्ती (रेझिस्टन्स) आली" म्हणून मोकळं होण्यात काही अर्थ नाही, ती खरंच आलीय का हे आधी बघायला लागतं.

आधी हे ठरवा की रेझिस्टन्स आहे की फवारणीच चुकलीय

तण न मरण्याची बहुतेक कारणं साधी असतात. तण मोठं झालं होतं, जमिनीला ओल नव्हती आणि झाडं ताणावर होती, फवारल्यावर लगेच पाऊस आला, पाणी गढूळ होतं, कीटकनाशकाचा गोल फवारा देणारा नोझल तसाच लावून तणनाशक मारलं, किंवा चालायचा वेग कमीजास्त झाला. ग्लायफोसेट या तणनाशकाचं तर असं आहे की ते मातीच्या कणांना घट्ट चिकटतं, त्यामुळे गढूळ पाण्यात घातलं की पंपातच त्याचा निम्मा जीव जातो, आणि क्षाराचं जड पाणी असेल तरी तोच प्रकार, कारण कॅल्शियम-मॅग्नेशियम त्याला धरून बसतात.

मग फरक कसा ओळखायचा? शेतात फिरून नमुना बघा. पट्ट्यापट्ट्यानं सरळ रेषेत तण उरलं असेल, वळणावर किंवा कडेला उरलं असेल, तर ती फवारणीची चूक. सगळ्याच जातींची तणं अर्धवट वाचली असतील तरी फवारणीचीच चूक. पण एकाच जातीची झाडं वाचलीत, त्याच मापाची बाकीची तणं मेलीत, आणि मुख्य म्हणजे त्याच जातीचं एक झाड पूर्ण मेलेलं आणि त्याच्या शेजारी वीतभरावर दुसरं ठणठणीत, हे दिसलं की मग शंका घ्यायला जागा आहे. सुरुवातीला असं तण ठिपक्यासारखं एका जागी दिसतं, पुढच्या हंगामात तो ठिपका पसरतो, आणि बऱ्याचदा यंत्र ज्या दिशेला चालतं त्या दिशेला लांब होत जातो.

अजून एक खात्री करा की हे झाड फवारणीच्या वेळी वर होतं. नंतर उगवलेलं तण हे वाचलेलं तण नव्हे. जमिनीलगत बघा, वाचलेल्या झाडाला बहुतेक वेळा जुनी पिवळी पडलेली, वाकडी झालेली पानं असतात आणि खालून नवे फुटवे असतात. नव्याने उगवलेलं असेल तर ते कोवळं आणि एकदम स्वच्छ दिसतं.

आणि काही तणं त्या औषधाला मुळातच दाद देत नाहीत, त्याला रेझिस्टन्स म्हणायचं नाही. केना घ्या, ग्लायफोसेटनं तो पहिल्यापासूनच नीट मरत नाही. लव्हाळ्याचं वरचं पान जळतं आणि खालच्या गाठीतून परत कोंब येतो, तोही रेझिस्टन्स नाही, औषध गाठीपर्यंत पोचलं नाही एवढंच. रूंद पानाच्या तणावर गवताचं औषध मारलं तर ते मरणारच नाही. रेझिस्टन्स कधी म्हणायचं तर जी जात पूर्वी त्याच औषधाच्या त्याच मात्रेत मरत होती, तिच्यातली काही झाडं आता मरत नाहीत आणि त्यांची पिल्लावळही मरत नाही, तेव्हा.

हे होतं कसं ते थोडक्यात

औषधामुळे तणात बदल होतो असा बऱ्याच जणांचा समज आहे, तसं नाहीये. न मरणारं झाड आधीपासूनच गर्दीत असतं. ऑस्ट्रेलियात रायग्रास नावाच्या ज्या गवती तणावर कधीच औषध पडलं नव्हतं त्याचं बी तपासलं तर सल्फोनिल युरिया प्रकारच्या औषधाला न मरणारी झाडं लाखात दोन ते दहा हजारांत एक अशा प्रमाणात निघाली. आता हिशोब करा, एका चौरस मीटरला पन्नास तणं धरली तरी एकरात दोन लाख झाडं होतात, म्हणजे पहिल्या फवारणीच्या दिवशीच शेतात चार-पाच झाडं तरी अशी असू शकतात जी औषधाला भीक घालत नाहीत. ती कुणाला दिसत नाहीत कारण बाकीचं रान स्वच्छ झालेलं असतं आणि माणूस खूश असतो. पुढच्या वर्षी त्या चार झाडांचं बी, त्याच्या पुढच्या वर्षी त्या बियांचं बी. डोळ्याला दिसेपर्यंत तीन-चार हंगाम गेलेले असतात.

किती लवकर होईल हे औषधाच्या प्रकारावर आहे. क्लोरसल्फ्युरॉन, वरच्याच सल्फोनिल युरिया प्रकारचं औषध, १९८२ च्या सुमारास बाजारात आलं आणि १९८७ ला अमेरिकेत आयडाहोमध्ये रानटी लेट्यूस त्याला दाद देईना, म्हणजे पाचेक वर्षांत. ग्लायफोसेट १९७४ ला आलं आणि त्याला पहिलं रेझिस्टंट तण ऑस्ट्रेलियात १९९६ ला नोंदलं गेलं, रायग्रासच. तोवर बरेच लोक म्हणत होते की ग्लायफोसेटला काही होणार नाही. २,४-डी या जुन्या तणनाशकाला रेझिस्टन्स १९५७ लाच दिसला होता, कॅनडात रानगाजरात आणि हवाईच्या ऊसशेतीत केन्याच्याच एका भावात. त्यामुळे हे काही आताचं नवीन दुखणं नाही, आणि जगभरात आता अडीचशेच्या वर तणांच्या जातींमध्ये कुठल्या ना कुठल्या औषधाला रेझिस्टन्स नोंदलेला आहे.

आतून मरत का नाही याचे ढोबळ दोन रस्ते आहेत आणि हा फरक कळला तर पुढचं सगळं सोपं जातं, म्हणून जरा थांबून वाचा. पहिला रस्ता म्हणजे औषध झाडातल्या ज्या एन्झाइमला (पेशीतलं काम चालवणाऱ्या प्रथिनाला) जाऊन चिकटतं त्या एन्झाइमचाच आकार थोडा बदलतो आणि औषध तिथं बसतच नाही. किंवा मग ते एन्झाइम इतकं जास्त तयार होतं की औषध कमी पडतं. अमेरिकेत जॉर्जियाच्या कापसात माठ वर्गातलं पामर अमरँथ ग्लायफोसेटला मरेना तेव्हा तपासात काय निघालं तर ते एन्झाइम बनवणाऱ्या जनुकाच्या काही झाडांत शंभरापेक्षा जास्त प्रती झाल्या होत्या. दुसरा रस्ता जास्त त्रासदायक आहे. झाड औषधाला टार्गेटपर्यंत पोचूच देत नाही, एकतर पेशीत कोपऱ्यात कोंडून ठेवतं नाहीतर वाटेतच मोडून टाकतं. ही मोडायची यंत्रणा औषधाचा गट बघत नाही. त्यामुळे जे औषध त्या शेतात कधीच मारलेलं नाही त्यालाही तण मरत नाही असं होऊ शकतं, आणि माणूस चक्रावून जातो की हे तर पहिल्यांदाच वापरतोय.

कुंडीतली टेस्ट, जी कुणीही करू शकतं

लॅबमध्ये पाठवायची सोय असेल तर जरूर पाठवा, नसेल तर हे करा. संशय असलेल्या ठिपक्यातल्या तीस-चाळीस झाडांचं बी घ्या, एकाच झाडाचं नको. बी पूर्ण पिकलेलं हवं, कणीस हलवलं की आपोआप गळतं इतपत. हिरवं बी घेतलं तर उगवणारच नाही आणि सगळी मेहनत फुकट. कागदी पाकिटात भरा, प्लास्टिकच्या पिशवीत बुरशी येते. पाकिटावर शेत, तारीख, तणाचं नाव लिहा. सावलीत वाळवून ठेवा. बऱ्याच तणांचं बी काही महिने झोपलेलं असतं, त्यामुळे लगेच उगवलं नाही तर घाबरू नका, दोन-तीन महिने कोरड्या जागी राहू द्या.

आता महत्त्वाचं, त्याच जातीचं बी अशा जागेवरून पण आणा जिथं ते औषध कधी पडलेलं नाही. बांधाच्या पलीकडची पडीक जमीन, रस्त्याची कड, काहीही चालेल. हे तुलनेसाठी लागतं आणि लोक नेमकं हेच विसरतात, मग टेस्टचा अर्थच लागत नाही.

तणनाशक न पडलेल्या मातीत दोन्ही बिया वेगवेगळ्या कुंड्यांत लावा. उगवल्यावर विरळणी करून सगळ्या कुंड्यांत सारखी झाडं ठेवा. दोन ते चार पानांवर आली की फवारा. एका संचाला नुसतं पाणी, एकाला लेबलवरच्या मात्रेच्या निम्मं, एकाला पूर्ण, एकाला दुप्पट, एकाला चौपट. प्रत्येक मात्रेला तीन-चार कुंड्या हव्यात, एका कुंडीवर निकाल देऊ नका. दुप्पट-चौपट हे फक्त कुंडीत, शेतात लेबलच्या वर जायचं नाही. हातमोजे, मास्क, पूर्ण बाह्यांचे कपडे हे कुंडीच्या टेस्टलाही लागतंच. कुंड्या जमिनीवर मोजलेल्या जागेत ओळीनं मांडून तेवढ्या जागेवर शेतात चालता त्याच वेगाने फवारलं की मात्रा बरीचशी बरोबर बसते.

स्पर्शजन्य औषध (पडेल तेवढाच भाग जाळणारं) असेल तर आठ-दहा दिवसांत कळतं, आंतरप्रवाही (झाडात आत फिरणारं) असेल तर तीन आठवडे थांबा. मग बघा. पडीक जागेतलं तण पूर्ण मात्रेत मेलं आणि तुमच्या शेतातलं जगलं, तर रेझिस्टन्स. दोन्ही मेली, तर शेतात फवारणी चुकली होती, औषधाला दोष नाही. दोन्ही जगली, तर टेस्टमध्येच काहीतरी गडबड आहे किंवा ते तण मुळातच त्या औषधाला मरणारं नाही. अर्धी मेली अर्धी जगली तर रेझिस्टन्स आहे पण अजून सगळीकडे पसरलेला नाही, आणि ही खरं तर चांगली बातमी आहे कारण अजून हातात वेळ आहे. जमलं तर त्याच वेळी दुसऱ्या दोन-तीन गटांची औषधं पण पूर्ण मात्रेत वेगवेगळ्या कुंड्यांवर मारून बघा, म्हणजे अजून काय काय चालतं ते कळेल. नुसतं काय चालत नाही एवढंच कळून फार उपयोग नाही.

नाव नाही, गट बघा

औषध बदलणं म्हणजे डब्याचा रंग बदलणं नव्हे. तणनाशकांना ती झाडात कुठं मारतात त्यावरून गट क्रमांक दिलेले आहेत, पूर्वी ए, बी, सी अशी अक्षरं होती, २०२० पासून आकडे आलेत. लेबलवर आकडा असेल तर उत्तम, नसेल तर टेक्निकल नाव, म्हणजे आतल्या औषधाचं मूळ नाव वाचा, ते बारीक अक्षरात का होईना असतंच.

रोजच्या वापरातली सांगतो. क्विझालोफॉप, प्रोपाक्विझाफॉप, फेनॉक्साप्रॉप, क्लोडिनाफॉप, क्लेथोडिम ही सगळी गट १. म्हणजे क्विझालोफॉप चालेना म्हणून प्रोपाक्विझाफॉप आणलं तर काही बदललं नाही. इमॅझेथापायर, सल्फोसल्फ्युरॉन, मेटसल्फ्युरॉन, बिसपायरिबॅक, पेनॉक्ससुलम ही नावं ऐकायला एकमेकांच्या गावची वाटत नाहीत पण सगळी गट २, आणि रेझिस्टन्स सगळ्यात जास्त जातींमध्ये याच गटाला आलेला आहे. पेंडीमेथालिन गट ३, २,४-डी आणि डायकांबा गट ४, ॲट्राझिन, मेट्रिब्युझिन, आयसोप्रोट्युरॉन, डायुरॉन गट ५, ग्लायफोसेट ९, ग्लुफोसिनेट १०, ऑक्सिफ्लुओरफेन आणि फोमेसाफेन १४, मेटोलाक्लोर आणि प्रेटिलाक्लोर १५, पॅराक्वाट २२, टेम्बोट्रिओन आणि टोप्रामेझोन २७. तयार मिश्रण असेल तर त्यातल्या दोन्हींचे गट बघा, कधी कधी दोन्ही एकाच गटातली असतात.

हे सगळं पाठ करायची गरज नाही, आपल्या पिकात चालणारी पाच-सहा औषधं आणि त्यांचे गट एका कागदावर लिहून औषधं ठेवतो तिथं चिकटवा. आणि त्या पिकासाठी शिफारस नसलेलं औषध नुसता गट वेगळा आहे म्हणून मारू नका, पीकच जाईल.

आता मिक्स की आलटून पालटून? यावर खूप वाद ऐकायला मिळतात. माझं मत मिक्सच्या बाजूने आहे, पण अट आहे. दोन्ही औषधं त्याच तणाला मारणारी हवीत आणि दोन्ही आपापल्या पूर्ण मात्रेत हवीत. गवताचं एक आणि रूंद पानाचं एक असं मिश्रण कामाचं आहे, पण रेझिस्टन्स रोखायला त्याचा उपयोग नाही, कारण गवतावर तर एकच औषध पडलं ना. पूर्ण मात्रेची दोन औषधं एकत्र पडली की पहिल्यातून सुटलेलं झाड दुसऱ्यात सापडतं, दोन्हीतून एकदम सुटणारं झाड फार विरळा. निम्मं निम्मं करून मिसळणं हा मात्र सगळ्यात वाईट प्रकार, बचत वाटते पण दोन्ही औषधं एकदम घालवायची ती वाट आहे. आणि गट १ चं गवताचं औषध २,४-डी सोबत एकाच टाकीत घातलं की गवतावरचा परिणाम कमी होतो, त्यामुळे लेबल वाचल्याशिवाय काहीही एकत्र करू नका.

दुसऱ्या रस्त्याचा, म्हणजे औषध मोडून टाकणारा रेझिस्टन्स असेल तर मिक्स आणि रोटेशन दोन्ही कमी पडतात. तिथं औषधाबाहेरचेच उपाय चालतात.

आणि कमी मात्रेबद्दल एक गोष्ट. ऑस्ट्रेलियात रायग्रासवर मुद्दाम कमी मात्रा मारून वाचलेल्यांचं बी परत लावत गेले, तर तीन-चार पिढ्यांतच पूर्वी मरणारं तण तग धरायला लागलं. त्यामुळे "थोडं कमी टाकू, पीक पण सुरक्षित" हा विचार सोडा. मोठ्या तणावर पूर्ण मात्रा मारणं पण कमी मात्रेसारखंच आहे हे लक्षात घ्या, चार पानांचं तण आणि गुडघाभर तण यांना एकच मात्रा सारखी लागू पडत नाही.

फवारणी नीट करायची म्हणजे

तणनाशकाला सपाट पट्टा पडणारा फ्लॅट फॅन किंवा फ्लड जेट नोझल लावा. पाणी स्वच्छ घ्या. तण दोन ते चार पानांवर असताना मारा, जमिनीत ओल असताना मारा. पंपाचं माप एकदा काढा, दहा मीटर बाय दहा मीटर जागा आखायची, पंपात मोजून साधं पाणी घ्यायचं, नेहमीच्या वेगाने तेवढी जागा फवारायची आणि किती पाणी संपलं ते बघायचं, त्याला चाळीसने गुणलं की एकरी पाणी निघालं. मग औषध त्या हिशोबाने. झाकणं मोजून अंदाजे टाकणं बंद करा. उगवणीपूर्वीचं औषध असेल तर जमीन भुसभुशीत, ढेकळं नसलेली आणि ओलसर हवी, नाहीतर औषधाचा थर फाटतो आणि तण ढेकळाखालून बाहेर येतं.

वाचलेली झाडं, खरं काम इथं आहे

फवारणीनंतर तीन आठवड्यांनी शेतात एक चक्कर मारा, हातात पिशवी आणि खुरपं घेऊन. जे उरलंय ते उपटा. फुलावर यायच्या आधी उपटलं तर जागेवर उलटं टाकून वाळू दिलं तरी चालतं, पण घोळ नावाचं तण ओल मिळाली की परत मुळं धरतं, केन्याच्या कांड्यापण परत फुटतात, असली तणं बाहेरच काढा. फूल आलं असेल तर सगळ्याच जातींना शेताबाहेर न्यायचं, कारण कितीतरी तणांचं बी उपटल्यावरही झाडावरच पिकत राहतं. बांधावर फेकू नका, तिथून पाणी परत शेतातच आणतं. शेणाच्या ढिगात अर्धवट कुजलेलं बी पण जिवंत राहतं, त्यामुळे खड्ड्यात टाकायचं असेल तर ढीग चांगला तापला पाहिजे आणि वरखाली केला पाहिजे.

माणसं म्हणतात चार झाडांसाठी एवढी मेहनत कशाला. पामर अमरँथची एक मादी काही लाख बिया देऊ शकते. शिवाय त्यात नर-मादी झाडं वेगळी असल्यामुळे रेझिस्टन्स परागकणांबरोबर वाऱ्याने पण जातो. म्हणून तुमच्या तणाचा प्रकार माहीत पाहिजे, स्वतःच स्वतःला फळवणारं असेल तर ठिपका बियांबरोबरच हळूहळू सरकतो, परक्या परागकणावर फळणारं असेल तर पसरायला वेळ लागत नाही.

ठिपका मोठा असेल, उपटणं शक्य नसेल तर तेवढा तुकडा पिकासकट कापून टाका. हो, पिकासकट. जीव तुटतो पण पुढच्या पाच वर्षांच्या खर्चापुढे तेवढं नुकसान काहीच नाही. काठ्या रोवून खूण करा, मोबाईलवर लोकेशन सेव्ह करा, आणि काढणीच्या वेळी तो भाग सगळ्यात शेवटी घ्या. नंतर हार्वेस्टर किंवा मळणी यंत्र दुसऱ्या शेतात जायच्या आधी साफ करून घ्या, चाळण्या, कोपरे, टाकी सगळं. यंत्र भाड्याचं असेल तर तुमच्या शेतात शिरायच्या आधीच साफ करायला सांगा, थोडी कुरकुर होईल, होऊ द्या.

काढणीलाच बी पकडायचा एक प्रकार ऑस्ट्रेलियात जोरात चालतो. तिथं रायग्रासचं बहुतेक बी काढणीपर्यंत कणसातच राहतं आणि हार्वेस्टरमधून भुशाबरोबर मागे पडतं. रे हॅरिंग्टन नावाच्या तिथल्या शेतकऱ्याने हार्वेस्टरच्या मागे बी भरडून टाकणारं यंत्रच बनवलं, बाकीचे लोक भुसा एका बारीक ओळीत पाडून तिथंच कुजू देतात. ही युक्ती ज्या तणाचं बी काढणीपर्यंत गळत नाही त्यालाच लागू आहे. गव्हातल्या गुल्लीडंडा या गवती तणाचं बरंचसं बी गहू कापायच्या आधीच खाली पडतं, तिथं याचा फारसा उपयोग नाही.

गुल्लीडंड्यावरून बरंच शिकण्यासारखं आहे. हरियाणा-पंजाबात भात-गहू, भात-गहू असंच चालू होतं आणि गव्हात वर्षानुवर्षं एकटं आयसोप्रोट्युरॉन. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला ते चालेनासं झालं, काही ठिकाणी तर लोकांनी उभा गहू चाऱ्याला कापला. मग क्लोडिनाफॉप, फेनॉक्साप्रॉप, सल्फोसल्फ्युरॉन आली, सगळ्यांना हायसं वाटलं, पण पद्धत तीच राहिली, एक औषध चालतं तोवर तेच, आणि काही वर्षांत त्यांनाही रेझिस्टन्स आला. ज्यांनी मध्ये ऊस किंवा बरसीम हे चाऱ्याचं पीक घेतलं त्यांच्याकडे तण आटोक्यात राहिलं, कारण बरसीम वारंवार कापल्यावर गुल्लीडंड्याला बी धरायला वेळच मिळत नाही. ऑक्टोबर अखेरीस लवकर पेरा आणि मशागत न करता थेट पेरणी यांनीही फरक पडला, थंडी पडून गुल्लीडंडा उगवायच्या आत गहू पुढे निघून जातो आणि जमीन न हलवल्यामुळे खालचं बी वर येत नाही.

पुढच्या हंगामाची तयारी

पीक बदला, आणि बदलताना असं बदला की पेरणीची वेळ बदलेल. एका खरीप पिकाऐवजी दुसरं खरीप पीक, त्याच तारखेला पेरलेलं आणि त्याच गटाचं औषध चालणारं, यानं तणाला काही फरक पडत नाही.

पेरणीआधी खोटी पेरणी करा, म्हणजे जमीन तयार करून पाणी द्यायचं किंवा पावसाची वाट बघायची, तणाची पहिली लाट उगवू द्यायची आणि मग ती वरच्यावर वखराने मारायची, खोल नांगरायचं नाही कारण खोल गेलात की नवीन बी वर येतं. वेळ असेल तर दोनदा. हा माझा आवडता उपाय आहे, औषधाला रेझिस्टंट असलेलं तण वखराला रेझिस्टंट नसतं. फक्त पेरणी आठ-दहा दिवस लांबते, ते पिकाला परवडतंय का बघा.

ओळीतलं अंतर थोडं कमी करा, बियाण्याचं प्रमाण शिफारशीत बसेल तेवढं वाढवा, लवकर पसरणारा वाण निवडा. पिकाची सावली लवकर जमिनीवर पडली की नंतरचं तण खुरटतं आणि बी कमी देतं. पहिले तीस-चाळीस दिवस कोळपणी किंवा खुरपणी एक तरी ठेवाच, सगळा भार डब्यावर नको. उगवणीपूर्वीचं औषध सोडू नका, उगवणीनंतर नक्की चालतील अशी औषधं कमी राहिलीत आणि गेल्या तीसेक वर्षांत एकदम नव्या पद्धतीनं मारणारं तणनाशक मोठ्या प्रमाणात जवळपास आलेलंच नाही, त्यामुळे पुढच्या वर्षी कंपनी काहीतरी काढेल या भरवशावर राहू नका.

बरेच जण विचारतात की ते औषध चार वर्षं बंद ठेवलं तर तण परत पहिल्यासारखं मरायला लागेल का. बहुतेक वेळा नाही. रेझिस्टंट झाड औषध नसताना बाकीच्यांइतकंच जोमाने वाढतं, त्यामुळे ते आपोआप मागे पडत नाही. ॲट्राझिनसारख्या औषधांना आलेला एक प्रकार याला अपवाद आहे, त्यातली झाडं जरा कमजोर असतात. बाकी ठिकाणी औषध परत सुरू केलं की पहिल्याच फवारणीत तेच चित्र दिसतं. कमी होतं ते फक्त जमिनीतलं बी, आणि तेही नवीन पडलं नाही तरच. काही तणांचं बी जमिनीत तीन-चार वर्षांत बहुतेक संपतं, पामर अमरँथ आणि रायग्रास त्यातलेच, तिथं चिकाटीने काम केलं तर ठिपका खरंच मिटतो. काही तणांचं बी मात्र दशकभर किंवा जास्तही टिकतं, तिथं मिटवायचं नाही तर आटोक्यात ठेवायचं असं धरून चला. बी कमी टिकणारं असेल तर एकदा खोल पलटी नांगरट करून ते खाली गाडायचं आणि मग काही वर्षं जमीन खोल हलवायचीच नाही हाही एक रस्ता आहे, दरवर्षी नांगरलं तर मात्र गाडलेलं परत वर.

बाहेरून येणारं बी पण बघा, घरचं बियाणं असेल तर चाळून-निवडून, विकतचं असेल तर त्यात तणाचं बी आहे का ते मूठभर कागदावर पसरून, आणि पाटाच्या पाण्याबरोबर येत असेल तर शेताच्या तोंडाशी जाळी लावून.

शेवटचं, वही ठेवा. कुठल्या शेतात, कुठल्या तारखेला, कुठलं टेक्निकल, कुठला गट, किती मात्रा, तण किती पानांवर होतं आणि तीन आठवड्यांनी काय उरलं. तीन वर्षांची पानं समोर ठेवली की एकच गट किती वेळा पडलाय ते दिसतं आणि पुढच्या वर्षी काय टाळायचं तेही. लिहायचा कंटाळा असेल तर डब्याच्या लेबलचा फोटो काढा आणि तीन आठवड्यांनी त्याच जागेवर उभं राहून शेताचा फोटो काढा, फक्त लेबलवरचं टेक्निकल नाव आणि टक्केवारी वाचता येईल असा जवळून घ्या.